मांडवातली कॉमेंट्री

काकाजींच्या कॉमेंट्रीबद्दल सिंदीत कधी एकमत झालं नाही. स्टेशनमागच्या ग्राउंडवर फुटबॉलची मॅच संपली, की लोक आधी काकाजींवर बोलत आणि मग खेळावर. कोणी म्हणे, हा माणूस मॅच सांगत नाही, लग्न लावतो. कोणी म्हणे, खेळ तर आपल्याला दिसतोच आहे, तो दिसतो तसाच पुन्हा कानात कशाला पाहिजे. रुळापलीकडच्या घरांतल्या बायका ग्राउंडवर येत नसत, पण भोंग्याचा आवाज त्यांच्या ओसरीपर्यंत जाई आणि त्यांचं मत ठाम होतं. काकाजी बोलत असले की पोरं खेळताहेत असं वाटतं, दुसरा कोणी बोलला की मारामारी चाललीय असं वाटतं.

मतं कितीही असली तरी उपाय नव्हता. माईक काकाजींचा होता. दोन भोंगे, बॅटरी, चावीचा ग्रामोफोन, सगळं त्यांचं. आसपासच्या गावांत लग्न असो की सप्ताह, हे सामान बैलगाडीत घालून काकाजी हजर. ग्राउंडवरच्या मॅचेसना मात्र ते भाडं घेत नसत. अट एवढीच, की बोलणार ते. मॅचेस भरवणाऱ्या कमिटीला फुकटचा भोंगा हवा असेल तर त्याच्यासोबत काकाजी घ्यावे लागत.

उंच, जरासे पुढे झुकलेले, कानात अत्तराचा फाया. मार्चच्या उन्हातही अंगात काळा कोट, कारण नुसत्या सदऱ्यावर माईकसमोर बसणं त्यांना बरं वाटत नसे. माईकला पंचा गुंडाळलेला असे. बोलायच्या आधी तो सोडायचा, बोलून झालं की पुन्हा गुंडाळायचा. तेवढ्यात मैदानात जे व्हायचं ते होऊन जाई. एकदा असाच एक गोल त्यांच्या नजरेतून हुकला, तर काकाजींनी माईकवरूनच विचारलं, "कोनं टाकला बाप्पा?" लोकांनी चारी बाजूंनी चार नावं सांगितली. काकाजींनी चौघांचंही अभिनंदन केलं आणि पंचा गुंडाळला.

त्यांची सगळी बोली मांडवातली. बाहेरची टीम म्हणजे पाहुणे मंडळी, आपली म्हणजे घरची मंडळी. हाफटाइमला म्हणत, "मंडळी आता बसून राह्यली, पानी घेऊन राह्यली, कोनी घाई करू नका." एखादं पोर गर्दीत चुकलं की खेळ बाजूला राही. एकदा आमच्यावर पेनल्टी होत होती आणि भोंग्यावरून येत होतं, की निळ्या सदऱ्याचं एक पोरगं माह्याजवळ बसून फुटाणे खाऊन राह्यलं, ज्याचं असन त्यानं घेऊन जावं, पन फुटाणे संपू द्यावे.

प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे 'जी'. आमचा लेफ्ट-आउट गावाबाहेरच्या वस्तीतला. त्याला गावात कोणी पुऱ्या नावानं हाक मारत नसे. भोंग्यावरून पहिल्यांदा त्याच्या नावापुढे 'जी' लागलं तेव्हा काही लोक हसले, पुढच्या खेपेला कमी हसले, आणि मग ते तसंच रुळलं. त्या वस्तीनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्यावर तिथं पहिलं लग्न ठरलं, तेव्हा काकाजी आदल्या दिवशी लेफ्ट-आउटच्या वडिलांसमोर जाऊन बसले आणि नव्या विधीत कधी काय म्हणतात ते सगळं विचारून आले. माईकवर चूक व्हायला नको, एवढंच कारण त्यांनी दिलं.

ग्रामोफोनवर तबकडी एकच होती, सनईची. गोल झाला की ते सुई ठेवीत. कोणाचाही गोल असो, सनई वाजायची. घरच्या लोकांना याचा फार राग. पाहुण्यांनी आमच्यावर गोल केला आणि वर सनई सुरू झाली, की टेलरमास्तर हमखास उभे राहत. स्टेशनरोडवर त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि सिंदीत फुटबॉलवर बोलायचा पहिला हक्क त्यांचा मानला जाई.

"लेकीचं लगन नाई लावून राह्यलो काकाजी, गोल खाल्ला आपन," ते ओरडत.

काकाजी माईकवरून शांतपणे सांगत, "पाव्हण्यांनी मेहनत केली, टेलरमास्तर. बसा."

मी तिथला नाही. कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठेपेठेत फुटबॉल. वडील गेल्यावर सहावीत शाळा सुटली, पण गोलीची जागा सुटली नाही. आमच्या पेठेतला एक जण सिंदीच्या जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. फॅक्टरीच्या टीमला गोली पाहिजे असं त्यानं कळवलं, आणि मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ करत मी इकडे आलो. तेव्हा माझं वय विशीच्या आत-बाहेर. येताना आई म्हणाली होती, तिथं नीट राहा, परत आलास तर इथं काही नाही. ती रागानं म्हणाली नव्हती. खरंच काही नव्हतं.

फॅक्टरीचं काम कपाशीसारखंच हंगामाचं. दिवाळीनंतर यंत्रं सुरू होत आणि होळीच्या पुढेमागे थंड पडत. मग बहुतेक माणसं घरी जात. सरकीच्या गोदामावर दोन-तीन जणांना मॅनेजरसाहेब वर्षभरासाठी ठेवून घेत, त्यांतला एखादा टीममधला असे. त्या वर्षी तो मी असावा, एवढीच माझी इच्छा होती. वर्षातून एकदा भरणाऱ्या शील्ड स्पर्धेच्या मॅचेस नेमक्या हंगाम संपता संपता होत, म्हणजे साहेबांचा निर्णय आणि आमचा खेळ एकाच आठवड्यात.

साहेबांना फुटबॉलचं वेड होतं, पण ते ग्राउंडवर येत नसत. इतकी वर्षं रुईची तुसं छातीत जाऊन त्यांना दम्याचा त्रास झाला होता, ग्राउंडची धूळ सोसत नसे. ग्राउंडच्या टोकाला पिंपळामागे त्यांचा बंगला होता. त्याच्या गॅलरीत आरामखुर्ची टाकून ते मॅच ऐकत. काकाजींच्या दोन भोंग्यांपैकी एकाचं तोंड लोकांकडे असे, दुसऱ्याचं बंगल्याकडे. म्हणजे साहेबांना आम्ही जेवढे दिसत होतो, तेवढे भोंग्यातून.

हे मला आल्यावर आठवड्याभरात कोणीतरी सांगितलं, आणि तेव्हापासून मी गोलमध्ये उभा राहिलो की अर्धा कान भोंग्याकडे असायचा.

माझ्या सुरुवातीच्याच एका मॅचमध्ये साधा जमिनीवरून आलेला चेंडू माझ्या हातातून सुटून आत गेला. मी मान वर केली नाही. आता नाव येणार म्हणून वाट पाहत राहिलो. भोंग्यात थोडी खरखर झाली आणि काकाजी म्हणाले, "चेंडू आत गेला मंडळी. वारा होता." मग सनई.

त्या दिवशी थोडा वारा होताही, म्हणून मी फार विचार केला नाही. पुढे लक्षात आलं, की ही काकाजींची रीतच होती. चांगलं झालं की नाव घेऊन सांगायचं, चुकलं की नाव नाही. गोली चुकला की वारा. बॅक चुकला की ऊन डोळ्यावर. फॉरवर्डनं समोरचा गोल घालवला की गवत ओलं होतं. ग्राउंडवर गवताची काडी नव्हती. टेलरमास्तर म्हणत, "एवढं ओलं गवत असतं तर माही म्हैस बांधली असती इथं."

टेलरमास्तरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. स्टेशनसमोरच्या चहाच्या हॉटेलात ते ते रोज मांडत. कॉमेंट्री म्हणजे हिशेब. ज्यानं केलं त्याच्या नावावर चढलं पाहिजे, चांगलं असो की वाईट. नाव घेतलं नाही तर माणूस सुधारणार कसा? दुसरा कोणी म्हणे, मास्तर, तुम्ही बाही आखूड कापता तेव्हा आम्ही भोंग्यावर सांगतो का? मग हसणं, मग पुन्हा तेच. आता टीव्हीवर मॅच लागते. कोट घातलेले तीन-चार शहाणे रांगेत बसतात, गोली कुठं चुकला ते पुढून, मागून, सावकाश करून दाखवतात, आणि माझे नातू त्यांतला कोण अक्कलवंत आणि कोण बडबड्या यावर भांडतात. त्या भांडणातलं मला काही नवीन वाटत नाही. सगळं सिंदीच्या हॉटेलात होऊन गेलेलं आहे.

त्या वर्षी शील्डसाठी कमिटीनं टेलरमास्तरांचं ऐकलं. नागपूरच्या मोठ्या मॅचेसना कॉमेंट्री करणारा एक तरुण माणूस बोलावला. काकाजींना कसं सांगायचं याचीच सगळ्यांना काळजी होती, पण ते लगेच हो म्हणाले. यंत्राजवळ मी बसतो, बोलू द्या त्यांना, म्हणाले. आणि कोट घालून बसले.

नागपूरच्या माणसाची कॉमेंट्री चांगली होती. हे मी आजही म्हणेन. चेंडू पायात यायच्या आत त्याच्या तोंडात नाव आलेलं असे. कोण कोणाला पास देतो, कोण मोकळा सुटलाय, रेफरी कुठं चुकला, सगळं. लोक खूश झाले. पुलगावच्या टीमविरुद्ध मी एक कोपऱ्यातला चेंडू उडी मारून बाहेर काढला, तो त्यानं असा सांगितला की मलाच तो चेंडू पुन्हा एकदा काढल्यासारखं वाटलं. संध्याकाळी हॉटेलात टेलरमास्तरांनी माझ्यापुढे स्वतः बशी सरकवली. "आता समजलं ना, कॉमेंट्री काय राह्यते ते," म्हणाले. मला समजलं होतं. काकाजी असते तर म्हणाले असते, चेंडू अडवला, आभारी आहो. मी मनातून नागपूरच्या माणसाकडे झालो होतो.

सेमीफायनल हिंगणघाटच्या टीमशी होती. आम्ही पुढे होतो. एक लांबून आलेला, काहीच जोर नसलेला चेंडू मी पायानं अडवायला गेलो आणि तो दोन पायांतून आत गेला. नागपूरच्या माणसानं नाव घेतलं. मग काय झालं ते सांगितलं, जसं झालं तसं. मग म्हणाला, गोलीच्या पायांत दार होतं, ते बंद करायला चौकीदार ठेवावा लागेल. लोक खूप हसले. पुढची दहा-पंधरा मिनिटं माझ्याकडे चेंडू आला, की त्याला चौकीदार आठवायचा आणि माझं नाव यायचं. मॅच आम्ही जिंकलो. टेबलाशी काकाजी बसले होते, बॅटरीवर हात ठेवून. त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी बोलावलं. ते गॅलरीतच होते. बोलायला त्यांना श्वास जपून वापरावा लागे, त्यामुळे थोडं बोलत. म्हणाले, "ऐकलं मी काल. फायनल होऊ दे, मग गोदामाचं बघू. पण तुझं नक्की धरू नको." आणि खोकला लागला म्हणून हातानंच जा म्हणाले.

मी खोलीवर येऊन वळकटी काढली. येतानाच तिचा पट्टा तुटला होता आणि मी तसाच दोरीनं बांधून आणला होता. आता लागणार म्हणून तो टेलरमास्तरांकडे घेऊन गेलो. ते मशीनवर होते. पट्टा हातात घेऊन त्यांनी विचारलं, "कुठी चालला?"

"घरी."

"काऊन? फायनल तर बाकी हाये."

मी सांगितलं. साहेब काय म्हणाले तेही सांगितलं, आईचं मात्र सांगितलं नाही. टेलरमास्तरांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"त्यानं खोटं तर नाई ना सांगतलं," ते म्हणाले. नागपूरच्या माणसाबद्दल बोलत होते.

"न्हाई. खरंच सांगितलं."

"मंग?"

त्यांनी पट्टा बाजूच्या कपड्यांवर टाकला. "फायनल झाल्यावर नेजो," म्हणाले आणि पुन्हा चाक फिरवलं.

तिथून मी काकाजींकडे का गेलो ते नक्की सांगता येत नाही. त्यांच्या घराचं दार रस्त्यावरच होतं. ते उंबऱ्याशी बसून सनईची तबकडी फडक्यानं पुसत होते. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, बस. पाणी दिलं. चौकीदाराचा विषय त्यांनी काढला नाही. बोलले ते भलतंच.

त्या काळी लग्नात अहेर माईकवर वाचायची पद्धत होती. कोणाकडून काय आलं ते नाव घेऊन सांगायचं. काकाजींनी नवीनच यंत्र घेतलं होतं, तरणे होते, लोक हसले की आवडायचं. भाचीचं लग्न होतं. तिच्या चुलतमामांनी पितळेचं पातेलं दिलं. काकाजींनी ते हातात घेऊन पाहिलं, आणि माईकवर म्हणाले की पातेलं ओळखीचं वाटते, मागच्या लग्नात आमच्याच घरून गेलतं.

"खरंच गेलतं," काकाजी मला म्हणाले. "तळाशी नाव होतं आमचं. सारा मांडव हासला. मीबी हासलो."

"आणि मामा?"

"उठले. चप्पल घातली. पुन्हा कोनाच्याच कार्याले आले नाई. भाचीले दोन मामांची घरं होती, एकच राह्यलं." त्यांनी तबकडी उजेडात धरून पाहिली. "पातेलं अजून हाये तिच्यापाशी. चांगलं हाये."

मग तबकडी खोक्यात घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "भोंग्यावर बोललेलं वापस नाई घेता येत बाप्पा. घरात बोललेलं घेता येते."

मी उठलो. त्यांनी मला धीर दिला नाही, काही कबूलही केलं नाही. माईक तर त्यांच्या हातात नव्हताच.

पण फायनलच्या दिवशी तो त्यांच्याकडे आला. नागपूरच्या माणसाचा घसा बसला. इतके दिवस धुळीत तोंड उघडं ठेवून भरभर बोलल्यावर दुसरं काय होणार. तो मफलर गुंडाळून खुर्चीवर बसला होता आणि खुणेनं सांगत होता की आवाज नाही. लोकांत नाराजी पसरली. कामठीच्या टीमशी फायनल, आणि कॉमेंट्री पुन्हा मांडवातली. टेलरमास्तर कमिटीवर चिडले होते. काकाजींनी पंचा सोडला, पाहुण्यांचं स्वागत केलं, बाहेरगावच्या लोकांनी गाड्यांच्या बैलांना सावलीत बांधावं अशी विनंती केली आणि खेळ सुरू झाला.

कडक उकाडा होता. फॅक्टरीच्या धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता, ओळंबा सोडल्यासारखा. कोपऱ्यातली निशाणं काठीला चिकटली होती. त्या दिवशी मी बरा खेळलो. कामठीच्या लोकांचे दोन चांगले चेंडू काढले आणि काकाजींनी दोन्ही वेळा माझं नाव 'जी' लावून घेतलं. हाफटाइमनंतर एक-एक अशी बरोबरी होती.

संपत आलं होतं. त्यांच्या बॅकनं नुसता चेंडू दूर मारायचा म्हणून मारला. तो उंच गेला आणि थेट माझ्याकडे उतरायला लागला. माझ्याजवळ कोणी नव्हतं. मी हात वर केले, चेंडू हातात बसला, आणि हातातून निसटून माझ्या खांद्यावरून मागे गेला. वळून पाहिलं तेव्हा तो रेघेच्या आत संथपणे थांबत होता.

ग्राउंड गप्प झालं. भोंगाही गप्प होता. सनई लागली नाही. मी बंगल्याकडे पाहिलं नाही, पण दुसऱ्या भोंग्याचं तोंड कुठं आहे ते मला न बघता ठाऊक होतं. मग खरखर झाली.

"वारा होता मंडळी," काकाजी म्हणाले.

आधी कोणीतरी एक हसला. मग बरेच हसले. हजारभर लोकांच्या डोक्यावर तो धूर सरळ उभा होता. टेलरमास्तर उभे राहिले. इतक्या वर्षांच्या सवयीनं सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"काकाजी," ते ओरडले, "कायचा वारा?"

काकाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. नेहमीसारखं बसा म्हणाले नाहीत. माईक जरा जवळ घेतला आणि लग्नात नवऱ्या मुलाचं नाव सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करून, पुन्हा सांगितलं, "वारा होता. मोठा वारा होता. पाव्हण्या मंडळींचं अभिनंदन." आणि सुई ठेवली.

हसणं थांबलं. टेलरमास्तर बसले. मॅच आम्ही हरलो.

साहेबांचं बोलावणं सकाळी आलं. मी गेलो तेव्हा गॅलरीत टेलरमास्तर होते. होळीला साहेबांचा नवा कोट व्हायचा होता, त्याचं माप घेत होते. साहेब हात बाजूला पसरून उभे होते, गळ्याशी टेप. मला बघून टेलरमास्तरांनी मान खाली घातली आणि पाठीचं माप घ्यायला मागे गेले.

साहेब म्हणाले, "काकाजी म्हणाले, वारा होता."

मी गॅलरीच्या खांबाशी उभा राहिलो.

"इतकी वर्षं ऐकतोय मी. वारा म्हणजे गोली, एवढं कळतं मला. काल मी इथंच बसलो होतो." त्यांनी पसरलेल्या हाताचं बोट पिंपळाकडे केलं. "ह्या झाडाचं एक पान हाललं नाही." श्वास घेतला. मग मान वळवायचा प्रयत्न केला. "मास्तर, तुम्ही तिथं होता. तुम्ही कोणाला सोडत नाही. तुम्ही सांगा मला. वारा होता का?"

टेप साहेबांच्या खांद्यावर थांबला. टेलरमास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून काढल्या, कोटाच्या कापडात खोचल्या. मला त्यांचा चेहरा दिसत होता, साहेबांना दिसत नव्हता. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पिंपळाकडे पाहिलं.

"होता थोडा," ते म्हणाले.

"इथं नव्हता."

"इथं नसन, साहेब. ग्राउंडवर होता. गोलापाशी."

टेलरमास्तरांनी बाहीचं माप घेतलं, पुन्हा घेतलं. मग साहेब मला म्हणाले, "गोदामाच्या किल्ल्या मुकादमाकडून घे. पावसाच्या आधी छपराचे पत्रे बघून ठेव." आणि हात खाली केला, तो दुखायला लागला असावा.

त्या गोदामावर माझं पुढचं सगळं आयुष्य गेलं. आई शेवटी इकडेच आली. पट्टा मी टेलरमास्तरांकडून कधी आणला नाही आणि त्यांनीही कधी आठवण दिली नाही. हॉटेलात ते पूर्वीसारखेच काकाजींवर तुटून पडत, सनईवर, फुटाण्यांवर, ओल्या गवतावर. वाऱ्यावर मात्र नाही.

त्या सकाळी बंगल्यावरून निघालो तो मी सरळ काकाजींकडे गेलो. आभार मानायचे होते, पण ते कसे मानतात ते आमच्या पेठेत कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून झालं ते सांगितलं. किल्ल्या मिळाल्या हे सांगितलं. साहेबांनी पिंपळाच्या पानाचा विषय काढला, टेलरमास्तरांना विचारलं, ते म्हणाले थोडा होता, हेही सांगितलं. काकाजी माईकचा पंचा धुऊन दोरीवर टाकत होते. त्यांचे हात थांबले.

"थोडा म्हणे?"

"व्हय."

त्यांना ते आवडलं नाही. पंचा झटकून त्यांनी सरळ केला, दोन्ही टोकं जुळवली. "त्याले कॉमेंट्रीतलं काही समजत नाई," ते म्हणाले. "चांगला वारा होता."